अटलांटिकच्या दोन तीरांवरची भाऊबंदकी



१७८७ साली पॅरिसमध्ये अमेरिकेहून एक अवजड खोके येऊन पोहोचले. त्यात मूस नावाच्या प्राण्याचे कातडे, हाडे आणि शिंगे होती. मूस हा आपल्या सांबराच्याच कुळातला, पण उंचीने घोड्यालाही मागे टाकणारा प्राणी. तो मागविला होता थॉमस जेफरसन यांनी. पुढे अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष झालेले जेफरसन त्या वेळी फ्रान्समध्ये आपल्या देशाचे राजदूत होते. विख्यात फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ यांनी असा सिद्धान्त मांडला होता की, अमेरिका खंडाची हवा थंड व दमट असल्यामुळे तेथील प्राणी युरोपातील प्राण्यांहून लहान आणि दुबळे निपजतात. त्यांच्या पाठोपाठच्या काही लेखकांनी हाच नियम तेथे जाऊन स्थायिक झालेल्या युरोपीय माणसांनाही लावला. जेफरसन यांनी आधी आपल्या ग्रंथात मोजमापांचे तक्ते देऊन त्याचे खंडन केले. तेवढ्याने समाधान होईना, तेव्हा प्रत्यक्ष प्राणीच आणवून पुढे ठेवला. नवजात प्रजासत्ताकापुढे कर्ज, संविधान, संरक्षण असे गंभीर प्रश्न उभे असताना त्याच्या राजदूताला हा खटाटोप अगत्याचा वाटला. यावरून युरोपने काढलेले उणे अमेरिकेला किती लागत असे, याची कल्पना येते.

परक्याने नावे ठेवली तर माणूस ती कानाआड करतो. भावाने ठेवली तर मात्र ती जन्मभर लक्षात राहतात. अमेरिका आणि युरोप यांच्यात गेली सव्वादोनशे वर्षे जी परस्परटीका चालू आहे, तिला मराठीत नेमका शब्द आहे, तो म्हणजे भाऊबंदकी. एक भाऊ वाडा सोडून निघून गेला आणि दूरदेशी त्याने मोठे घर बांधले. दुसरा वडिलार्जित वाड्यातच राहिला. १८९२ ते १९५४ या काळात न्यूयॉर्कजवळच्या एकट्या एलिस बेटावरून १ कोटी २० लाखांहून अधिक माणसे अमेरिकेत उतरली. त्यांतील बहुसंख्य युरोपातून आलेली होती. सरंजामी उतरंड, धर्मपीठांची जुलूमशाही, दुष्काळ आणि सततची युद्धे यांना कंटाळून त्यांनी घर सोडले होते. म्हणजे त्यांचे प्रयाण हीच युरोपवरील पहिली टीका होती. आपण सोडून आलो ते जग सोडण्याच्याच लायकीचे होते, हे अमेरिकनाला पटवून घ्यावे लागते. जे मागे राहिले त्यांना आपले राहणे शहाणपणाचे होते, अशी खात्री हवी असते. दोघांची एकमेकांवरील टीका या गरजेतून जन्मली आहे.

म्हणूनच आरोपांची यादी फारशी बदललेली दिसत नाही. १८३२ साली इंग्रज लेखिका फ्रान्सिस ट्रॉलप यांनी अमेरिकनांच्या घरगुती रीतिभातींवर पुस्तक लिहून त्यांच्या अडाणीपणाचे वाभाडे काढले. १८४२ साली चार्ल्स डिकन्स अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. त्यांचे स्वागत एखाद्या सम्राटासारखे झाले. परंतु परतल्यावर त्यांनी तंबाखू खाऊन जागोजागी थुंकण्याची सवय, पैशाची हाव आणि सर्वांत मुख्य म्हणजे गुलामगिरी यांवर कोरडे ओढले. त्यांच्या रागाला एक व्यावहारिक कारणही होते. अमेरिकन प्रकाशक त्यांची पुस्तके राजरोस छापत आणि मानधनाची दमडीही देत नसत. उलट बाजूने मार्क ट्वेन यांनी १८६९ च्या आपल्या प्रवासवर्णनात युरोपातील वाटाड्यांची, त्यांच्या अवशेषपूजेची आणि त्या अवशेषांपुढे भक्तिभावाने माना डोलावणाऱ्या आपल्याच देशबांधवांची यथेच्छ खिल्ली उडविली. अमेरिकन असंस्कृत, पैशामागे धावणारा व दांडगट. युरोपीय थकलेला, ढोंगी व गतवैभवावर जगणारा, ही दोन चित्रे तेव्हाच रंगवून झाली होती. पुढच्या पिढ्यांनी केवळ चौकटी बदलल्या.

या साऱ्या गलबल्यात अलेक्सी द टॉकव्हिल हा फ्रेंच तरुण उठून दिसतो. १८३१ मध्ये तो अमेरिकेत गेला, नऊ महिने हिंडला आणि त्याने लोकशाहीवरील आपला ग्रंथ १८३५ व १८४० अशा दोन भागांत प्रसिद्ध केला. त्याने अमेरिकेतील स्वयंसेवी संघटनांचे मनापासून कौतुक केले आणि बहुमताची दडपशाही व्यक्तीच्या विचारस्वातंत्र्याला कशी गिळू शकते, याचा इशाराही दिला. अमेरिकेला हसण्यासाठी तो गेलाच नव्हता. फ्रान्समध्ये उद्या काय घडणार आहे, ते आज अमेरिकेत पाहता येईल, अशा हेतूने तो गेला होता. त्यामुळे त्याचा ग्रंथ अमेरिकेतील विद्यापीठांत आजही आदराने अभ्यासला जातो.

विसाव्या शतकात पारडे फिरले. दोन महायुद्धांनी युरोप उद्ध्वस्त झाला आणि धाकट्या भावावर वाडा सावरण्याची वेळ आली. १९४८ ते १९५२ या काळात मार्शल योजनेखाली अमेरिकेने पश्चिम युरोपाला सुमारे १३ अब्ज डॉलरची मदत दिली. १९४९ मध्ये 'नाटो'ची स्थापना होऊन संरक्षणाचे छत्रही मिळाले. उपकाराचे ओझे मात्र अपमानाइतकेच जड असते. १९५६ मध्ये सुएझ कालव्यावरून ब्रिटन व फ्रान्स यांनी इजिप्तवर चढाई केली, तेव्हा अमेरिकेने आर्थिक दडपण आणून दोघांनाही माघार घ्यायला लावली. त्यातून ब्रिटनने अमेरिकेला कधीही सोडायचे नाही असा धडा घेतला, तर फ्रान्सने अमेरिकेवर कधीही विसंबायचे नाही असा. १९६६ मध्ये द गॉल यांनी फ्रान्सला 'नाटो'च्या एकत्रित लष्करी रचनेतून बाहेर काढले. तो परतला थेट २००९ मध्ये.

राजकारणापाठोपाठ ताटावर आणि करमणुकीवरही भांडण आले. १९९२ मध्ये पॅरिसजवळ डिस्नेचे करमणूकनगर उभे राहिले, तेव्हा फ्रेंच बुद्धिजीवींना ते सांस्कृतिक संकट वाटले. तेथील उपाहारगृहांत आरंभी मद्य मिळत नसे. पुढच्याच वर्षी कंपनीला तो नियम सोडावा लागला. १९९९ मध्ये शेतकरी नेते जोझे बोवे व त्यांच्या साथीदारांनी मियो या गावी उभे राहत असलेले मॅक्डोनल्ड्सचे उपाहारगृह मोडून टाकले. अमेरिकेने युरोपच्या मांसावरील बंदीला उत्तर म्हणून रॉकफोर या फ्रेंच चीजवर जबर जकात बसविली होती, त्याचा हा संताप होता.

दोन्ही बाजूंच्या आजच्या आक्षेपांकडे नीट पाहिले, तर प्रत्येकामागे एक स्वतंत्र इतिहास उभा असलेला दिसतो. युरोपीय संघाच्या एकाही सदस्य देशात मृत्युदंड नाही. अमेरिकेच्या निम्म्याहून अधिक राज्यांच्या कायद्यांत तो कायम आहे. युरोपीय संघात वर्षाला किमान चार आठवडे भरपगारी रजा हा कायदेशीर हक्क आहे. अमेरिकेत अशी रजा देण्याचे बंधन घालणारा केंद्रीय कायदाच नाही. युरोपीय म्हणतो, हे निष्ठुर आहे. अमेरिकन म्हणतो, तुम्ही काम करायचे विसरलात. नागरिकाने शस्त्र बाळगण्याच्या हक्काला अमेरिकेच्या संविधानात १७९१ पासून स्थान आहे, कारण राजसत्तेविरुद्ध शस्त्र उचलूनच तो देश जन्मला. जर्मनीत नाझी चिन्हे मिरविणे आणि ज्यूंच्या हत्याकांडाचा इन्कार करणे हा गुन्हा आहे, कारण द्वेषाच्या भाषणांतून काय निपजते ते त्या देशाने भोगले आहे. अमेरिकेत तेच भाषण संविधानाच्या संरक्षणाखाली येते. २००४ मध्ये फ्रान्सने सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हे धारण करण्यास बंदी केली. अनेक अमेरिकनांना तो धर्मस्वातंत्र्यावरील घाला वाटला. फ्रेंच माणसाला मात्र अमेरिकेचा अध्यक्ष बायबलवर हात ठेवून शपथ घेतो, हेच चमत्कारिक वाटते. या फ्रेंच कायद्याची झळ तेथील शीख मुलांच्या पगडीलाही लागली, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

महाभारतात युधिष्ठिराने सांगितलेले एक सूत्र आपल्या परिचयाचे आहे. आपसांत आपण पाच आणि ते शंभर; परंतु परक्याशी गाठ पडली की आपण एकशेपाच. गंधर्वांनी दुर्योधनाला बांधून नेले, तेव्हा वनवासी पांडवांनीच त्याला सोडविले. अटलांटिकच्या दोन तीरांवरची भाऊबंदकी याच सूत्रामुळे निभावली होती. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर दहशतवादी हल्ला झाला. दुसऱ्याच दिवशी 'नाटो'ने आपल्या इतिहासात प्रथमच परस्परसंरक्षणाचे पाचवे कलम लागू केले, तेही अमेरिकेच्या रक्षणासाठी. एरवी अमेरिकेला सतत धारेवर धरणाऱ्या 'ल मोंद' या फ्रेंच दैनिकाने आता आपण सारे अमेरिकन आहोत, अशा आशयाचा अग्रलेख लिहिला.

हे एकशेपाचपण दीड वर्षही टिकले नाही. इराकवरील चढाईला फ्रान्स व जर्मनी यांनी विरोध केला. जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी या दोन देशांची 'जुना युरोप' अशी संभावना केली. मार्चमध्ये अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या उपाहारगृहांतील 'फ्रेंच फ्राइज'चे 'फ्रीडम फ्राइज' असे नामांतर झाले. त्याच सुमारास अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट केगन यांनी एक गंभीर मुद्दा मांडला. बळ असलेला बळाची भाषा बोलतो आणि बळ नसलेला नियमांची. युरोपला नियमांचे नंदनवन परवडते, कारण त्याच्या वेशीवर अमेरिकन पहारा आहे. युरोपीयांना हे बोल झोंबले, पण त्यांचे खंडन सोपे नव्हते. दुसरीकडे, इराकमध्ये विध्वंसक अस्त्रे सापडलीच नाहीत आणि युरोपने दिलेला सावधगिरीचा सल्ला योग्य होता, हे काळाने दाखवून दिले.

त्या कलहातही घराची वाटणी करण्याची भाषा कोणी केली नव्हती. आता ती होऊ लागली आहे. २०१४ च्या वेल्स परिषदेत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्के संरक्षणावर खर्चण्याचे उद्दिष्ट ठरले, त्या वर्षी ते केवळ तीन सदस्य देश पाळत होते. अमेरिकेची तक्रार निराधार होती असे म्हणता येणार नाही. परंतु फेब्रुवारी २०२५ मध्ये म्युनिक येथे अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी युरोपला खरा धोका बाहेरून नसून आतून आहे, असे सुनावले. त्याच महिन्यात अध्यक्ष ट्रम्प यांनी युरोपीय संघ अमेरिकेला लुबाडण्यासाठीच स्थापन झाला, असा आरोप केला. मार्शल योजनेच्या काळात युरोपने एकत्र यावे म्हणून खुद्द अमेरिकेनेच आग्रह धरला होता, याचा विसर पडल्याचेच हे लक्षण होय. फेब्रुवारी संपण्यापूर्वी जर्मनीतील निवडणूक जिंकलेले फ्रीडरिश मेर्त्स यांनी युरोपने टप्प्याटप्प्याने अमेरिकेपासून स्वावलंबी व्हावे, हे आपले उद्दिष्ट असल्याचे जाहीर केले. हेच मेर्त्स दोन्ही देशांच्या मैत्रीसाठी झटणाऱ्या 'अटलांटिक सेतू' या जर्मन संस्थेचे दहा वर्षे अध्यक्ष होते. सेतू बांधणाऱ्यानेच पलीकडचा काठ सुटत चालल्याचे सांगावे, यावरून परिस्थितीचे गांभीर्य कळते. जून २०२५ च्या हेग परिषदेत २०३५ पर्यंत ५ टक्क्यांचे नवे उद्दिष्ट स्वीकारले गेले. त्याने पैसा उभा राहील, पण विश्वासाची उणीव अंदाजपत्रकातून भरून निघत नाही.

तरीही ही परस्परटीका निष्फळ ठरली, असे मानणे चूक होईल. २०१० मध्ये अमेरिकेने आरोग्यविम्याची व्याप्ती वाढविणारा कायदा केला, तेव्हा युरोप वर्षानुवर्षे जे उणे दाखवीत होता त्याची अंशतः कबुलीच दिली गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये इटलीचे माजी पंतप्रधान मारिओ द्रागी यांनी युरोपीय संघाला सादर केलेल्या अहवालात जगातील पहिल्या ५० तंत्रज्ञान कंपन्यांपैकी अवघ्या चार युरोपीय असल्याचे सांगितले आणि नियमांच्या जंजाळावर बोट ठेवले. अमेरिकन हेच म्हणत होते. ज्या टीकेमागे आपलेपणा शिल्लक असतो ती उशिरा का होईना, ऐकली जाते. तुच्छतेतून आलेली टीका खरी असली तरी वाया जाते.

या साऱ्याशी आपला संबंध कोठे येतो? आपल्याकडील सुशिक्षित माणसाची एक अडचण आहे. अमेरिका उथळ आहे, हे मत त्याने बहुधा इंग्रज वा फ्रेंच लेखकाकडून उचललेले असते. युरोप आळसावला आहे, हे मत त्याला अमेरिकन नियतकालिक पुरविते. दोन भाऊ भांडताना एकमेकांना जे बोलतात, तेच शेजाऱ्याने खरे धरून चालावे, तसा हा प्रकार आहे. पूर्वसूरींनी असे केले नव्हते. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला आणि १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या. १८८९ मध्ये त्यांनी युनायटेड स्टेट्सच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले. तेथील स्त्रियांचे शिक्षण व संघटनशक्ती यांची त्यांनी मुक्तकंठाने प्रशंसा केली. काळ्या माणसांना आणि मूळ रहिवाशांना मिळणारी वागणूकही झाकली नाही. स्वामी विवेकानंदांनी १८९३ नंतर दोन्ही खंड पाहिले आणि गुण व दोष दोन्ही स्वतःच्या कसोटीवर पारखले.

आज कित्येक मराठी घरांत एक अपत्य न्यू जर्सीत, तर दुसरे म्युनिकमध्ये आहे. रविवारी दोघांशीही बोलणे होते. आजारपणात किती खर्च आला, मुलांच्या शाळेत काय शिकवितात, नोकरी गेली तर काय होते, शेजारी कसे वागतात, हे त्यांना विचारावे आणि दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. दोन्ही समाजांकडून काय घ्यायचे आणि काय टाळायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र ते ठरविताना हाती आलेले मत कोणत्या तीरावरून आले आहे, याची चौकशी आधी करावी.