निरोप आणि जबाबदारी



आमचे शिक्षण गेटसभेत झाले. सभेत ठराव मांडायचा तर सूचक लागतो, अनुमोदक लागतो. दोघांनाही नाव सांगून उभे राहावे लागते. संपाच्या दिवसांत मात्र ‘अमका फितूर झाला’ असा निनावी निरोप फिरतो आणि जिवाभावाचे सोबती एकमेकांच्या अंगावर जातात, हे आम्ही पाहिले आहे. आज असा निरोप प्रत्येकाच्या खिशातील फोनवर येतो.

त्याने काय होते? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे जमावाने ठार केली. ती भिक्षा मागून पोट भरणारी माणसे होती. मुले पळवणारी टोळी आल्याची आवई व्हॉट्सॲपवरून पसरली होती. पुढे एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी धाडता येईल, अशी मर्यादा कंपनीने भारतात घातली. पण पाच ठिकाणी धाडणाराही त्या निरोपाचा अनुमोदकच नव्हे काय?

आपल्या गडचिरोलीच्या जंगलात तर ‘खबऱ्या’ एवढ्या एका शब्दावर माणसे मारली गेली. त्याच जंगलाच्या बाबतीत सप्टेंबर २०२५ मध्ये वेगळे घडले. ‘अभय’ या नावाने माओवाद्यांचे पत्रक निघाले. शस्त्रे थांबवून बोलणी करण्याची तयारी त्यात होती, आणि लोकांचे मत मागवण्यासाठी ई-मेल व फेसबुकचा पत्ता होता. पक्षाच्या तेलंगण समितीने ते त्याचे वैयक्तिक मत ठरवले. ऑक्टोबरात हाच अभय, म्हणजे मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती, साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला.

फेसबुकने शांतता आणली, असे आम्ही म्हणणार नाही. मे महिन्यातच त्यांचा सरचिटणीस बसवराजू चकमकीत मारला गेला होता. दबाव मोठा होता. परंतु त्या निरोपामागे उत्तर ऐकायला तयार असलेला माणूस होता, आणि शेवटी तो समोर आला.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) येथे ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. एकाचा विरोध असला तरी पुन्हा बसते. वेळ लागतो, पण बोलणारा सर्वांना दिसतो. आपण चंद्रपूरकरांनी एवढे तरी करावे: ज्या निरोपाखाली भरसभेत आपले नाव घालता येणार नाही, तो पुढे धाडू नये. आणि तो कुणा माणसाविरुद्ध असेल, तर आधी त्याच्या घरी जाऊन त्यालाच विचारावे.