होडीची मागची फळी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

होडी म्हटली की आपली नजर आधी नाळेकडे जाते. हार नाळेला, कुंकू नाळेला. चित्रकारसुद्धा होडी काढतो ती बहुतेक वेळा नाळेच्या बाजूने. मागच्या अंगाकडे फारसे कुणी पाहत नाही. आज मला बोलायचे आहे ते त्या मागच्या अंगाबद्दल. ज्या लहान होडीला मागे इंजिन टांगतात, तिचे मागचे टोक निमुळते नसते. तिथे एक सपाट, उभी भिंत असते. कारागीर तिला ट्रान्सम म्हणतात, मी तिला साधे ‘मागची फळी’ म्हणेन.

होडीच्या मागे टांगायच्या इंजिनाचा धंदा खऱ्या अर्थाने उभा केला तो ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या माणसाने, अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात, १९०९ च्या सुमारास. (त्याच्या नावाची इंजिने पुढे शंभराहून अधिक वर्षे निघाली आणि २०२० मध्ये बंद झाली.) फायबरग्लासच्या होड्या १९४० च्या दशकात अमेरिकेतच सुरू झाल्या. आपल्या किनाऱ्यावर या दोन्ही गोष्टी उशिरा पोचल्या, पण पोचल्या त्या मुक्कामालाच. आज मालवण, देवबाग, तारकर्लीच्या किनाऱ्यावर उभे राहिलात तर लाकडी होडी शोधावी लागते. लाकडाला दरवर्षी माशाचे तेल पाजायचे, फटी भरायच्या, पोखरणाऱ्या किड्यावर नजर ठेवायची; हे सगळे फायबरने वाचवले. ‘फायबर कुजत नाही’ असे विकणाऱ्याने सांगितले आणि ते खरेच आहे. फक्त त्याने एक गोष्ट सांगायची ठेवली. या होड्यांच्या मागच्या फळीत बहुधा लाकूडच असते.

पुरणपोळीत पुरण असते तसे. बाहेर फायबरचा एक थर, आत फायबरचा एक थर आणि मध्ये दीड-पावणेदोन इंच प्लायवूड. नुसते फायबर इंजिनाच्या शिकंज्याखाली लवेल, म्हणून मध्ये ही भरीव जाडी. आता तिच्यावर ताण किती येतो ते पाहा. दहा अश्वशक्तीच्या आसपासचे इंजिन म्हणजे चाळीसेक किलो वजन. ते फळीच्या माथ्याला लटकलेले आणि त्याचा पंखा तिथून दोन-अडीच फूट खाली. पंखा होडीला पुढे रेटतो तेव्हा इंजिनाची खालची बाजू फळीवर दाबली जाते आणि वरची बाजू फळीला मागे ओढते. पहारीने दगड उचकटतो ना, तोच प्रकार. त्यात लाटेवरून होडी आपटली की प्रत्येक आपटीला हा हिसका वाढतो. लाकूड धड असेल तर ते हे सगळे वर्षानुवर्षे सोसते. ते आतून पिठासारखे झाले, तर एके दिवशी इंजिन फळीचा तुकडा घेऊनच तळाशी जाते. माणसे मग वल्ही असतील तर वल्ही मारत परततात.

माझ्या शेजाऱ्याची होडी अठरा फुटी, जुनी. तिच्यावर त्याचे घर चालते आणि इंजिनाचे हप्तेही. नारळीपौर्णिमेनंतर त्याने होडी पाण्यात घातली, तेव्हा इंजिन वेग घेताना मागेपुढे डुलते आहे असे त्याच्या लक्षात आले. फळी आणि बाजूच्या भिंती जिथे मिळतात, त्या कोपऱ्यात केसासारखी तडही होती. आदल्या वर्षी एका कारागिराने त्याच तडेवर पुट्टी ओढून रंग मारून दिला होता. मी आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवत असे, म्हणून हा मला बोलावायला आला. किनाऱ्यावर त्याने हातोडीचा दांडा फळीवर टकटक करत नेला. कडेला टणक आवाज, मधोमध मात्र ओल्या भिंतीसारखा बद्द. म्हणाला, “सर, आवाज आयकलात? आतसून मेली हा.”

खात्री करायला आम्ही आतल्या बाजूने गिरमिटाने तीन-चार बारीक भोके पाडली. चांगल्या लाकडाचा भुसा कोरडा, फिकट निघतो. आमचा भुसा काळा, ओला, कुबट वासाचा. खालच्या भोकातून तर पाणी ठिबकायला लागले.

आता हे पाणी कुठले? सगळ्यांचा समज समुद्राचे असा. पण लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला खारे पाणी मानवत नाही, तिला गोडे पाणी आवडते. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढतच नाही. आपल्याकडे होड्या पावसाळ्यात वर ओढून ठेवतात. चार महिने कोकणचा पाऊस इंजिनाच्या बोल्टांच्या भोकांतून, तळाच्या बुचाच्या भोकातून, फळीच्या माथ्यावरच्या बारीक भेगांतून आत झिरपत राहतो. वरून आणि खालून फायबरची कातडी, त्यामुळे आत गेलेले पाणी बाहेर पडायला वाट नाही. म्हणजे समुद्रावर धावताना नव्हे, आपल्या दारात झापांखाली निवांत पडलेली असताना होडी कुजते. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली ऐकून घेण्यासारखी गोष्ट हीच आहे.

पावसात फायबरचे काम होत नाही, कारण ओलसर पृष्ठभागावर रेझिन धरत नाही. त्यामुळे शेजारी तोवर दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून गेला. मोसम हातचा चालला होता, पण इलाज नव्हता. दिवाळीनंतर खळ्यात मांडव घातला आणि होडी त्याखाली आणली.

पहिले काम कापण्याचे नाही, टेकू देण्याचे. मागची फळी काढली की होडीच्या दोन्ही बाजू मोकळ्या होतात आणि फाकतात; मग नवी फळी बसते, पण वाकड्या होडीत. म्हणून तळाखाली ठोकळे, बाजूंना पाचरी आणि वरच्या दोन काठांवर आडवी पट्टी ठोकून घेतली. मग मापे. फळीची जाडी, माथ्याची उंची (आखूड दांड्याच्या इंजिनाला १५ इंच, लांब दांड्याच्या इंजिनाला २० इंच धरतात) आणि तिचा मागचा कल, साधारण बारा अंशांचा. पुठ्ठ्याचा साचा कापून ठेवला. एकदा ग्राइंडर फिरला की जुने माप सांगणारे काही उरत नाही.

बाहेरची कातडी तशीच ठेवायची, आतली कापायची, असे ठरवले. बाहेरून होडीचा आकार शाबूत राहतो आणि नवी फळी टेकवायला आयती पाठ मिळते. आतला थर चारी बाजूंनी दोन-तीन इंच काठ सोडून कापला. मधला भाग तर हाताने सुटून आला. लाकूड इतके मेले होते की पटाशीची गरज पडली नाही, उलथन्याने खरवडले. पण कोपऱ्यांत काही जागी जुने प्लाय अजून जिवंत होते, ते मात्र चिकटून बसलेले. दोन दिवस त्यातच गेले. फायबरची धूळ म्हणजे काचेची धूळ. चांगला मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बांधलेले मनगट. यात हयगय नको. एवढे करूनही मान खाजतेच. घरच्यांनी माझे कपडे वेगळ्या बादलीत टाकले आणि मलाही जवळजवळ त्याच बादलीत.

मग आतून सगळा पृष्ठभाग जाड पॉलिश पेपरने, चाळीस नंबरच्या, खरखरीत करून अॅसिटोनने पुसला आणि तीन-चार दिवस वारा खाऊ दिला.

प्लायवूडबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण दुकानात इथेच फसगत होते. आपल्याकडे मरीन प्लायला आयएस ७१० हे मानक आहे. तो शिक्का पाहून घ्यावा. पण मरीन म्हणजे न कुजणारे असे मनात धरू नका. मरीन प्लायचा गोंद पाण्यात उकळला तरी सुटत नाही आणि आतल्या थरांत पोकळ्या कमी असतात. लाकूड मात्र लाकूडच. पाणी मुरले तर तेही कुजणार. आम्ही १९ मिलिमीटरचे दोन तुकडे साच्याप्रमाणे कापले, एकमेकांना चिकटवले आणि कडा आणि तोंडे रेझिन पिऊन तृप्त होईपर्यंत पाजली. प्लायच्या कडा पाणी पितात तसे रेझिनही पितात. एका हाताने भागत नाही.

रेझिन दोन जातींचे. होड्या बनवतात ते पॉलिएस्टर, स्वस्त आणि लवकर घट्ट होणारे. दुसरे इपॉक्सी, कितीतरी महाग. नवी होडी साच्यात बनवताना पॉलिएस्टर उत्तम, पण वीस वर्षांच्या जुन्या फायबरला आणि लाकडाला धरून ठेवण्यात इपॉक्सीचा हात कुणी धरत नाही. शेजाऱ्याने पैशाचा विचार करून दोन रात्री काढल्या आणि इपॉक्सी आणले. त्यात हार्डनरचे प्रमाण डब्यावर लिहिले असेल तेवढेच घ्यायचे. लवकर सुकावे म्हणून जास्त ओतले तर ते कायमचे मऊ राहते. इपॉक्सीबरोबर सुट्या धाग्यांची मॅट न वापरता विणलेले कापड वापरावे. त्या मॅटचा बांधणारा चिकटा पॉलिएस्टरमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. आणि जे पॉलिएस्टरने काम करतील त्यांना एक कळकळीची सूचना. त्याचा कॅटॅलिस्ट आणि कोबाल्टचा अॅक्सलरेटर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळून झाल्यावरच दुसरे घालायचे. मुलांच्या हाताशी तर या बाटल्या नकोतच.

आपल्याकडच्या उन्हात मिश्रण खोल डब्यात ठेवले की तापते, धुरकट होते आणि बघता बघता दगड. म्हणून थोडे थोडे बनवायचे आणि पसरट ताटात ओतायचे. फळी बसवताना लापशीइतके दाट मिश्रण दातेरी पत्र्याने पसरले, फरशीखाली सिमेंट पसरतात तसे. फळी दाबून बोल्टांनी आणि शिकंज्यांनी आवळली. बोल्टांना आधी मेण फासले होते, नाहीतर तेही तिथेच राहिले असते. चारी कडांनी मिश्रण सारखे बाहेर आले, तेव्हा शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर त्या आठवड्यात पहिल्यांदा हसू दिसले. फार आवळायचे नसते. सगळा चिकटा पिळून बाहेर आला तर आत धरायला काय राहणार?

दुसऱ्या दिवशी इपॉक्सीवर साबणासारखा बुळबुळीत थर येतो, दमट हवेत जास्तच. तो पाण्याने घासून काढला आणि वाळवून पुन्हा खरखरीत केला. फळी, तळ आणि बाजू यांच्या सांध्यांत दाट मिश्रण भरून बोट फिरवून गोलाई दिली, कारण काचेचे कापड काटकोनात वळत नाही, मागे पोकळी राहते. त्यावर कापडाचे थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा दीड इंच पुढे, पायऱ्यांसारखे तळावर आणि बाजूंवर उतरवले. कापून काढलेल्या जुन्या थराचा तुकडा जपून ठेवला होता. त्याच्यापेक्षा किंचित जास्त जाडी होईपर्यंत थर चढवले. रोलरने हवा काढत गेलो. खरे बळ या सांध्यांतच असते. फळी कितीही मजबूत असो, ती होडीला धरून ठेवतात हेच थर.

आणि मग ती भोके. इंजिनाचे बोल्ट १२ मिलिमीटरचे. आम्ही भोके २० ची पाडली, ती दाट इपॉक्सीने ठासून भरली आणि पूर्ण घट्ट झाल्यावर त्याच्या मधोमध १२ चे भोक पाडले. म्हणजे बोल्ट आणि लाकूड यांच्यामध्ये सगळीकडून इपॉक्सीची नळी उभी राहिली. पुढे कधी सीलंट निघाले तरी पाणी लाकडापर्यंत जात नाही. तळाच्या बुचालाही तसेच केले. बोल्ट बसवताना रुंद वायसर आणि पॉलियुरेथेनचे सीलंट. स्नानगृहातले सिलिकॉन नव्हे. ते पुढे नीट निघत नाही आणि त्यावर दुसरे काही धरतही नाही.

एकूण सोळा दिवस लागले, त्यातले निम्मे सुकण्याची वाट पाहण्यात. सुकण्याची वाट पाहणे कोळ्याला किती जड जाते, हे मी तेव्हा पाहिले. समोर दर्या, बाजारात बांगडा आलेला आणि हा खळ्यात होडीभोवती फेऱ्या घालतो आहे, बोटाने रेझिन दाबून पाहतो आहे. सतराव्या दिवशी इंजिन चढवले. पहिल्या फेरीत त्याने वेग वाढवताना पुढे पाहिलेच नाही, मान वळवून इंजिनाकडे पाहत होता. ते डुलले नाही.

तेव्हापासून मेअखेरीस तो इंजिन उतरवतो, बुच काढून होडी नाळेकडून उंच करून ठेवतो म्हणजे पाऊस मागे निघून जाईल आणि भोकांवर मेणाचे बूच मारतो. एवढे काम कुणालाही घरी करता येईल.

आमच्या गोठ्यामागे मात्र त्या कापलेल्या जुन्या फायबरची तीन पोती अजून पडून आहेत. जाळले तर विषारी धूर, पुरले तर तसेच राहणार आणि घंटागाडीवाला ती उचलत नाही.