जाळ्यासकट उडालेली पाखरं

आज हिशोबाच्या वहीला थोडी सुट्टी देऊ आणि सात-एक मिनिटांच्या एका चित्रफितीबद्दल बोलू. तिचं नाव 'एक अनेक और एकता'. हातानं काढलेली, हलणारी चित्रं. दूरदर्शनवर ती इतक्यांदा लागायची की तुमच्यातल्या कितीतरी जणींना तिच्यातलं गाणं अजून पाठ असेल.

१९७४ साली फिल्म्स डिव्हिजननं ती काढली. करणारी बाई मराठी, विजया मुळे. जन्म मुंबईचा, लग्नानंतर पाटणा. सगळे त्यांना अक्का म्हणत. ९८ वर्षांच्या होऊन २०१९ मध्ये गेल्या. चित्रं भीमसेन यांची, संगीत 'अमर भूपाळी'वाल्या वसंत देसायांचं, आणि गाणारी चिमुरडी म्हणजे दाभोळच्या साधना सरगम.

गोष्ट आपल्या पंचतंत्रातली. दाणे दिसले, पाखरं उतरली, जाळं पडलं. मग सगळी एकदम जोर लावून जाळ्यासकट उडाली आणि मित्र उंदरांकडे गेली. उंदरांनी जाळं कुरतडलं. रंग साधे, सपाट, अंगणवाडीच्या भिंतीवर असतात तसे. (आमच्या घरचा टीव्ही काळा-पांढरा, त्यामुळे ते रंग मला फार उशिरा, मोबाईलवर दिसले!) शेवटच्या गाण्यात फुलं नाना तऱ्हेची, पण हार एकच.

मला आवडतं ते हे, की उडताना जाळं अंगावरच असतं. आधी सुटका, मग उडणं, असं नाही.

कापूस हातचा गेला की दारात येणारं झटपट कर्ज त्या दाण्यांसारखंच दिसतं. मग आठवड्याचा हप्ता. तो चुकला की बाई पहिलं काय करते? बैठकीला यायचं बंद करते. एकटं पाखरू फडफडलं तर पाय आणखीच गुंततात.

गंगापूर तालुक्यातल्या एका गटात ही फिल्म दाखवली. एक मावशी म्हणाल्या, "उंदीर नसते तर गं?" प्रश्न खरा आहे. पण उंदीर कुठं राहतात हे पाखरांना ठाऊक होतं. आपल्याला ग्रामसंघ कधी भरतो, बँकेत कुणाला भेटायचं, हे ठाऊक असतं का? तेवढ्यात मागं बसलेली एक जण बोलली. तीन ठिकाणची कर्जं, घरात कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी सगळ्यांनी मिळून तिची कर्जं एका कागदावर मांडली आणि गटातून अंतर्गत कर्ज देऊन त्यातलं सगळ्यात लहान फेडलं. बाकीची दोन अजून आहेत. पण ती आता बैठकीला येते, आणि पुढचं कर्ज काढायच्या आधी विचारते.

तुमच्या पुढच्या बैठकीत दाखवा. जाळं पडतं तिथं फिल्म थांबवा आणि विचारा, "आता काय करायचं?" उत्तर यायला वेळ लागेल. लागू द्या. आणि मुलांनाही बसवा. शेवटी सगळी पोरं मिळून झाडावरचे आंबे कसे काढतात, ते त्यांना फार आवडतं.