बोल्ट बसत तर होता, साहेब

भिलाईहून बोलतोय. आज एका मिलीमीटरच्या सतराव्या हिश्श्याची गोष्ट सांगणार आहे. एवढ्याशा फरकाने माझ्या गाडीच्या इंजिनातले आटे गेले. आणि त्याच निमित्ताने चाळीस वर्षांपूर्वीची माझी एक चूक मला कळली.

माझ्याकडे १९५१ ची एमजी टीडी आहे. दोन माणसांची, उघड्या टपाची, १२५० सीसीची स्पोर्ट्स कार. मी पदवीधर असलो तरी इंजिनिअर नाही. जे काही येतं ते फौजेत गाड्यांभोवती राहून आणि निवृत्तीनंतर घराच्या पोर्चमध्ये हात काळे करून शिकलो.

मागच्या हिवाळ्यात पाण्याचा पंप गळायला लागला म्हणून उतरवला. परत बसवताना एक बोल्ट गंजलेला निघाला. गाडीबरोबर आलेल्या डब्यातून तसाच दिसणारा दुसरा घेतला. हाताने पाच-सहा फेरे सहज गेला, मग जड झाला. मी पाना लावला. थोडा फिरला आणि एकदम सैल पडला. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना माहीत आहे, त्या क्षणी पोटात खड्डा पडतो. कारण आटे बोल्टचे नव्हे, इंजिनाच्या ब्लॉकचे गेलेले असतात. बोल्ट दुसरा मिळतो, सत्तर वर्षांपूर्वीचा ब्लॉक कुठून आणणार?

शेजारी पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर राहतात. त्यांनी भोकात टॉर्च मारली आणि म्हणाले, "चूड़ी मर गई, साहब." मी उत्तर दिलं, "पण बोल्ट बसत तर होता!"

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं.

१९८४ च्या सुमारास मी बटालियनचा एमटी ऑफिसर होतो. आमच्याकडे जीप होत्या आणि जोंगा होत्या. जीपचे आटे इंचांचे. जोंगा जबलपूरला बनत असली तरी मूळची निस्सान, तिचे आटे मिलीमीटरचे. सुटे बोल्ट मात्र एकाच पेटीत. एका तरुण क्राफ्ट्समनने जोंगाच्या एका भोकाचे आटे घालवले. तो म्हणाला, "साहब, बोल्ट बैठ तो रहा था." मला ती सबब वाटली. सर्वांसमोर झापलं, वर एक्स्ट्रा ड्यूटी लावली. बोल्ट हातात घेऊन बघितला नाही. पेटीत काय काय भरलंय तेही बघितलं नाही. खरं तर ती पेटी माझी जबाबदारी होती.

या वेळी मी बोल्ट मोजला. तो निघाला पाच-सोळांश इंचाचा, इंचाला २४ आट्यांचा. म्हणजे जाडी ७.९४ मिलीमीटर आणि दोन आट्यांमधलं अंतर १.०५८ मिलीमीटर. ब्लॉकचं भोक मात्र ८ मिलीमीटरचं, अंतर बरोबर १ मिलीमीटर. बोल्ट किंचित बारीक, म्हणून सुरुवातीला आरामात जातो. पण प्रत्येक फेऱ्याला ०.०५८ मिलीमीटरने चुकत जातो. आठ फेऱ्यांत ही चूक जवळजवळ अर्धा मिलीमीटर होते, म्हणजे अर्धा आटा. मग जो जोर आपण लावतो तो आटे कापतो.

तुम्ही म्हणाल, इंग्रजी गाडीत मिलीमीटरचे आटे कसे? पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच शस्त्र कंपनीने इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला मशीनगनचा कारखाना काढला. युद्ध संपल्यावर तिथे मॉरिस गाड्यांची इंजिनं बनू लागली आणि १९२३ साली मॉरिसने तो कारखानाच विकत घेतला. यंत्रं फ्रेंच मापांची होती, म्हणून आटे मिलीमीटरचे राहिले. पण इंग्रज मिस्त्रीकडे व्हिटवर्थचे पाने, म्हणून बोल्टचं डोकं व्हिटवर्थ मापाचं ठेवलं. ही रीत एमजीच्या या इंजिनापर्यंत आली. पाना इंचाचा लागतो, म्हणून माणूस आटेही इंचाचे समजतो. मीही तेच केलं. आणि आज बाजारात मिळणारा ८ मिलीमीटरचा साधा बोल्टही चालत नाही, त्याचं अंतर १.२५ असतं.

आता दुरुस्ती. गेलेले आटे परत उगवत नाहीत. भोक थोडं मोठं करून त्यात तारेचं वेटोळं बसवायचं, त्याला हेलिकॉइल म्हणतात. मागवताना ८ बाय १ असं स्पष्ट सांगा.

किटवर लिहिलेल्या मापाचाच ड्रिल बिट घ्या. भोकाची खोली मोजून बिटला चिकटपट्टी लावा, म्हणजे जास्त खोल जाणार नाही. ड्रिल सरळ धरा. मी शेजाऱ्यांना बाजूने गुण्या धरून उभं केलं होतं. मग किटमधलाच टॅप. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. टॅपच्या खाचांत ग्रीस भरा, कीस त्यात अडकतो. उरलेला कीस लोहचुंबकाने काढा. वेटोळं भोकापेक्षा किंचित मोठं असतं, म्हणून आत गेल्यावर स्वतःच घट्ट धरून बसतं. ते पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली ठेवा, खालचं शेपूट तोडा आणि तो तुकडा आठवणीने बाहेर काढा. योग्य बोल्ट मी पॉवर हाऊस भागातल्या एका खरादवाल्याकडून, जुना नमुना दाखवून, बनवून घेतला.

पंप आता गळत नाही. डब्यातला प्रत्येक बोल्ट पिच गेजने तपासून मी वेगवेगळ्या पाकिटांत नावं घालून ठेवलाय. तुमच्याकडे जुनी स्कूटर असो की गाडी, दीडदोनशे रुपयांचं पिच गेज आधी घ्या. बोल्ट शेवटपर्यंत बोटांनी जात नसेल, तर पाना उचलू नका. बाहेर काढा आणि मोजा.

त्या क्राफ्ट्समनचं नाव मला आठवतं. पत्ता अजून मिळालेला नाही. जुन्या सहकाऱ्यांकडे विचारणं चालू आहे. मिळाला तर त्याला एवढंच सांगायचंय की बोल्ट खरंच बसत होता. चूक पेटीची होती, आणि पेटी माझी होती.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.