कुसळांची वाट



शरदातल्या रानातली भटकंती म्हटलं, की मला बी.ए.ला वाचलेल्या इंग्रजी कविता आठवतात. तांबूस झालेली झाडं, पायांखाली पानांचा चुरा. आमच्या बारामती-इंदापूरकडं तसं काही नसतं. आपली पानगळ शिशिरातली. आश्विन-कार्तिकात इथं बाभळी, हिवर हिरवेच असतात. पिवळं होतं ते गवत. बाहेरच्या माणसाला हा मुलूख उसाचा आणि कालव्याचा वाटतो. पण कालव्याचं पाणी जिथं पोचलं नाही, तिथं माळ आहे. तेच आमचं रान.

अब्बा गेले त्या वर्षी माझं लिहिणं थांबलं. झोपही गेली. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या देतो, पण रोज चाला." मी सडकेनं चालू लागलो. उसाचे ट्रॅक्टर, हॉर्न, धुरळा. एक दिवस ओळखीचा मेंढपाळ म्हणाला, "भाई, सडकंनं काय चालताय? माळाला चला की."

इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या बाजूला आम्ही पहाटे निघालो. गवत दवानं भिजलेलं, तरवडाला पिवळी फुलं, वर चंडोल गात होता. लांब चार चिंकारा उभे. त्यानं हळूच सांगितलं, मादीलाही शिंगं असतात, पण बारीक. पाणी मिळालं नाही तरी पाल्यावर आणि दवावर हा प्राणी बरेच दिवस काढतो.

तासाभरानं बांधावर बसलो, तर लेंग्याला कुसळंच कुसळं. एकेक उपटत राहिलो. अब्बा शिंपी होते. कापडातल्या टाचण्या ते असेच एकेक काढायचे, घाई न करता. कितीतरी महिन्यांनी त्यांची आठवण आली आणि छाती दडपली नाही.

मेंढपाळानं एक कुसळ माझ्या तळहातावर ठेवून त्यावर दवाचा थेंब टाकला. पीळ उलगडत ते हळूहळू फिरू लागलं. "हे बी हाय भाई. असं फिरत फिरत सोताच मातीत शिरतं." अब्बांना मातीत ठेवल्यापासून मला माती म्हणजे शेवटच वाटत होती. त्या सकाळी तसं वाटलं नाही. घरी येऊन चार ओळी लिहिल्या. फार चांगल्या नव्हत्या, पण लिहिल्या.

दिवाळीनंतर तो मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागला. मी एकटा जात राहिलो. दर शरदात अजून जातो.

या माळाला कागदोपत्री 'पडीक' म्हणण्याची आपल्याला सवय आहे. पडीक म्हटलं, की कुणी नांगर घालतं, कुणी खड्डे काढून झाडं लावतं. हेतू चांगला असतो, पण दाट सावलीत हे गवत टिकत नाही. आणि गवत गेलं की चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक सगळ्यांचं घर जातं. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य 1997 साली चिंकारांसाठी झालं. त्याचा विस्तार जेमतेम पाच चौरस किलोमीटर. बाकीचा माळ आपल्या शहाणपणावर आहे.

कडबनवाडी आणि शिर्सुफळला वनविभागानं गवताळ सफारी सुरू केली आहे. रीतसर नोंदणी करून जा. गाडी ठरलेल्या वाटेवरच ठेवा, आवाज कमी करा. आणि कपड्यांना कुसळं लागलीच, तर वैतागू नका. बसून, सावकाश, एकेक काढा.