एक वर्ग, वेगवेगळी चाल



एकदा एक बाप शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. रागावला होता. म्हणाला, "शेजाऱ्याच्या पोराला तुम्ही पुस्तक देता आणि माझ्या पोरापुढं चिंचोके टाकता. तो ढ आहे होय? मग गुरांमागं तरी जाऊ दे त्याला!"

आम्ही म्हणालो, "बसा जरा. बघा तर खरं."

फळ्यावर बेरीज होती, २७ आणि १५. पोरानं लिहिलं होतं ३१२. सात आणि पाच बारा. दोन आणि एक तीन. म्हणजे त्याला बेरीज येत होती. हातचा तेवढा कळला नव्हता.

आम्ही दहा-दहा चिंचोक्यांचे ढीग करायला सांगितले. सत्तावीसचे दोन ढीग झाले, सात सुटे. पंधराचा एक ढीग, पाच सुटे. सुटे एकत्र केले, बारा झाले. त्यांतून दहाचा आणखी एक ढीग निघाला. हाच तो हातचा! आता ढीग चार, सुटे दोन. "बेचाळीस!" पोरगा ओरडला.

बापाचा राग उतरला. पोरगा ढ नव्हता. त्याची वाट एका पायरीवर अडली होती.

शेजाऱ्याच्या पोराला हातचा येत होता. त्याला तेच पुन्हा शिकवलं, तर तो कंटाळणार. म्हणून त्याला बाजाराचा हिशेब दिला. एका मुलीला बेरीज येई, पण गणित वाचता येत नसे. तिला जोडीदारीण दिली. धडा सगळ्यांना एकच, चाल मात्र ज्याची त्याची. आणि हे गट कायमचे नसतात. हातचा कळला, की चिंचोके बाजूला ठेवायचे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हेच ओळखलं होतं. त्यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं. पुढं त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जात. ती शाळेत कशी येणार? मग शाळाच कुरणात गेली. तिचं नाव कुरणशाळा. मूल शाळेला जुळेना, तर शाळेनं मुलाला जुळवून घ्यावं.

आपल्या रात्रीच्या वर्गाचंच बघा. कुणाला अक्षरं येतात पण जोडाक्षर अडतं. कुणी तोंडी हिशेबात पक्का, पण त्याला आकडा लिहिता येत नाही. सगळ्यांना एकाच दावणीला बांधलं असतं, तर तुमच्यातले किती जण आज हे पान वाचत असते?

म्हणून एवढंच करा. पोराला ढ म्हणू नका. शेजारच्या पोराशी त्याची तुलना करू नका. मास्तरांना विचारा, "आमचं पोर कुठं अडलं?" आणि घरी मूठभर चिंचोके ठेवा. पोराबरोबर तुम्हीही ढीग लावायला बसा.