बियाणं, तणनाशक आणि लेबल: तिघांचा मेळ

(नेरूळ येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



नेरूळमध्ये तणनाशकांवर व्याख्यान कशाला, असं काहींना वाटलं असेल. पण या सभागृहातल्या कितीतरी घरांची शेती अजून गावी आहे. कुणाची अकोला-यवतमाळकडे, कुणाची सातारा-सांगलीकडे, कुणाची इथून जवळ कर्जत-माणगावला. मे महिना चालू आहे. बियाण्याचे पैसे इथून जातात आणि गावाहून भाऊ फोनवर सांगतो, ‘यंदा एचटीबीटी लावतोय, निंदणीचा खर्च वाचेल.’ एचटीबीटी म्हणजे तणनाशकही सहन करणारी, बोंडअळीविरोधी बीटी कपाशी. त्या पैशांत नेमकं काय विकत घेतलं जातं, हे आपल्याला ठाऊक असायला हवं.

आधी शेतकऱ्याची गरज मान्य करू. जुलैत झड लागली की काळ्या रानात डवरा चालत नाही. कपाशी वीतभर आणि तण गुडघाभर, अशी अवस्था होते. निंदायला बाया मिळत नाहीत आणि मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. अशा वेळी उभ्या कपाशीवर तणनाशक फवारलं, तण गेलं आणि पीक राहिलं, तर कोणाला नको आहे? या गरजेला लोभ म्हणणाऱ्यांनी एकदा भर श्रावणात विदर्भातल्या शेतात जाऊन यावं.

आता यामागचं शास्त्र. ग्लायफोसेट हे तणनाशक वनस्पतीतलं एक एन्झाइम बंद पाडतं. त्यामुळे वाढीला लागणारी तीन अमिनो आम्लं तयार होत नाहीत आणि झाड वाळतं. पीक कोणतं आणि तण कोणतं, हे त्याला कळत नाही. एका जिवाणूत याच एन्झाइमचा असा प्रकार सापडला, की ग्लायफोसेटचा त्यावर परिणाम होत नाही. त्याचं जनुक कपाशीत घातलं, की ती कपाशी फवाऱ्यातून वाचते. ग्लुफोसिनेट या तणनाशकाचं काम वेगळ्या एन्झाइमवर चालतं आणि इमॅझेथापायरचं तिसऱ्याच. म्हणून एका तणनाशकाला सहनशील असलेलं वाण दुसऱ्या तणनाशकापुढे टिकेलच असं नाही. प्रत्येक कुलपाला त्याचीच किल्ली लागते. ‘हे तणनाशकाला चालणारं बियाणं आहे’ एवढं ऐकून फवारणी करता येत नाही. कोणत्या तणनाशकाला चालणारं, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न कायद्याचा, आणि त्याच्या दोन बाजू आहेत. जनुक बदललेल्या बियाण्याला 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि त्याखालचे 1989 चे नियम लागू होतात. परवानगीसाठी जीईएसी या केंद्रीय समितीकडे जावं लागतं. तणनाशकाची नोंदणी मात्र 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली होते, आणि कोणत्या पिकावर, किती मात्रेत हेही तिथेच ठरतं. बीटी कपाशीला 26 मार्च 2002 रोजी परवानगी मिळाली, 2006 मध्ये तिचं पुढचं रूप, बोलगार्ड-2, आलं. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीचा अर्ज मात्र 2016 मध्ये अर्जदार कंपनीने मागे घेतला. म्हणजे आज गावोगावी विकलं जाणारं एचटीबीटी परवानगीविना आहे. विदर्भात त्याला ‘चोरबीटी’च म्हणतात. आणि त्यावर जे ग्लायफोसेट मारतात, त्याची नोंदणी आपल्याकडे चहाचे मळे आणि बिगरपिकाची जमीन यांच्यापुरती आहे. शिवाय 21 ऑक्टोबर 2022 च्या अधिसूचनेने ते वापरण्याची मुभा फक्त कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरती ठेवली. थोडक्यात, या जोडीतलं बियाणंही कायद्याबाहेर आणि त्यावरची फवारणीही.

10 जून 2019 रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेने सविनय कायदेभंग करून हेच बियाणं जाहीरपणे पेरलं. शेतकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. ‘तंत्रज्ञान स्वातंत्र्य’ ही त्यांची मागणी. ती मागणी उघडपणे मांडली, हे मी आदराने सांगतो. जे उघड्यावर होतं, त्याच्याशी वाद घालता येतो आणि त्याची तपासणीही करता येते. खरा धोका रात्री दुचाकीवरून येणाऱ्या पाकिटाचा आहे.

ते पाकीट हातात घेऊन बघा. अधिकृत कपाशीच्या पाकिटावर लॉट नंबर असतो, उत्पादकाचा पत्ता असतो, संकरित वाणासाठी किमान 75 टक्के उगवणक्षमतेची हमी असते, केंद्राने ठरवलेली कमाल किंमत असते, आणि दुकानदार पावती देतो. चोरबीटीच्या पाकिटावर एखादं भपकेदार नाव, बाकी काही नाही. त्यातलं प्रत्येक बी सहनशील आहे का, याची खात्री कोणी दिलेली नाही. भेसळ असेल तर फवारणीनंतर ओळीत जागोजाग झाडं पिवळी पडून वाळतात. मग दाद कुठे मागणार? शेतकरी हा ग्राहक आहे आणि सदोष बियाण्याबद्दल तो ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केलं. पण त्यासाठी हातात पावती लागते. चोरबीटी घेणारा शेतकरी बियाण्याबरोबर आपला हक्कही सोडून देतो. मला सर्वांत जास्त टोचतं ते हे.

बियाणं आधी आणि तणनाशक मागून, असा क्रम झाला की काय होतं, ते अमेरिकेत दिसलं. डायकांबा हे तणनाशक सहन करणारी सोयाबीन 2016 मध्ये विक्रीला आली, पण उभ्या पिकावर मारण्यासाठीचं नवं डायकांबा तोवर मंजूर झालेलं नव्हतं. काहींनी जुनंच औषध फवारलं. वाफ वाऱ्याबरोबर शेजारच्या शेतात गेली. परवानगी आल्यानंतरही, 2017 च्या एका हंगामात सुमारे 36 लाख एकर सोयाबीनचं नुकसान झाल्याचा अंदाज तिथल्या कृषिशास्त्रज्ञांनी मांडला. शेजाऱ्याशेजाऱ्यांत वैर आलं, खटले उभे राहिले.

त्याच देशातली एक साधी, चांगली रीतही सांगतो. आर्कान्सा विद्यापीठाच्या कृषी विस्तार विभागाने शेताच्या कडेला रंगीत झेंड्या लावायला शिकवलं. पांढरी झेंडी म्हणजे ग्लायफोसेट सहन करणारं पीक, हिरवी म्हणजे ग्लुफोसिनेट सहन करणारं, लाल म्हणजे साधं पीक, इथे जपून. फवारणी करणाऱ्या मजुराला पाकीट पाहायला मिळत नाही, झेंडी मात्र दिसते. हे आपल्याकडे उद्यापासून करता येईल. पण त्यासाठी शेतकऱ्याला आपलं वाण उघडपणे सांगता आलं पाहिजे, आणि चोरीचं बियाणं नेमकं तेच अशक्य करतं.

कायदेशीर मार्ग नाहीच, असं समजू नका. साध्या कपाशीसाठी पेंडिमेथालिन पेरणीनंतर लगेच, उगवणीपूर्वी मारता येतं. उभ्या पिकात रुंद पानांच्या तणांना पायरिथायोबॅक सोडियम आणि गवतवर्गीय तणांना क्विझालोफॉप इथाइल, या दोन्हींची कपाशीवर नोंदणी आहे. सोयाबीन तर इमॅझेथापायर निसर्गतःच सहन करते. त्याच्या 10 टक्के एसएल (पाण्यात विरघळणारं द्रव) रूपाची मात्रा हेक्टरी 1 लिटर. भातात भारतीय कृषी संशोधन संस्थेने (आयएआरआय) पुसा बासमती 1979 आणि 1985 ही वाणं इमॅझेथापायर सहन करणारी काढली, तीही बाहेरचं जनुक न घालता. त्यामुळे त्यांना जीईएसीच्या वाटेने जावं लागलं नाही. ही वाणं उत्तरेतल्या बासमतीच्या पट्ट्यासाठी आहेत, रायगडच्या खाचरांसाठी नाहीत. सोयाबीनवरच्या इमॅझेथापायरची बाटली पाहून कर्जतच्या साध्या भातावर फवारलं, तर भातच जाईल.

आता गावी फोन कराल तेव्हा हे सांगा. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. उसात किंवा ज्वारीत टू-फोर-डी मारलेला पंप नीट न धुता कपाशीत नेला, तर आठ-दहा दिवसांत शेंड्याची पानं चिंचोळी होतात, शिरा एकमेकींजवळ येतात, पान बोटांसारखं फाटतं. शेतकरी त्याला रोग समजतो आणि आणखी औषधं मारतो. तणनाशकाला पंख्यासारखा चपटा फवारा देणारा नोझल वापरा, वारा पडलेला असताना फवारा, आणि दोन औषधं मनाने मिसळू नका. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती प्रामुख्याने कीटकनाशकं होती, तणनाशकं नव्हेत. पण मिश्रणं, दाटलेली उंच कपाशी, अंगावर साधा सदरा आणि न वाचलेली घडीपत्रिका, हे सगळं तणनाशकाच्या बाबतीतही तसंच असतं. आणि दरवर्षी एकच तणनाशक मारू नका. अमेरिकेतल्या जॉर्जियात ग्लायफोसेटला न जुमानणारं राजगिऱ्याच्या कुळातलं तण 2005 मध्ये सापडलं. पुढे तिथल्या कापूस उत्पादकांना पुन्हा खुरपणीला मजूर लावावे लागले.

सरकारकडे माझी मागणी एकच आहे: बियाणं आणि त्यावरचं तणनाशक यांचा निर्णय एकत्र घ्या आणि वेळेत घ्या. मोहरीच्या डीएमएच-11 वाणात ग्लुफोसिनेट सहन करणारं जनुक आहे. 2022 मध्ये त्याला सशर्त परवानगी देताना शेतकऱ्याने शेतात ते तणनाशक वापरू नये, असं सांगितलं गेलं. पुढे 23 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयात या परवानगीबाबत दोन न्यायमूर्तींचं मत दुभंगलं. वाण सहनशील, पण फवारणीला मनाई, हा संदेश बांधावर टिकत नाही. कपाशीबाबत तर निर्णयच नाही, आणि ती पोकळी चोरबीटीवाल्यांनी भरून काढली. मंजूर करायचं असेल तर चाचण्यांचे निष्कर्ष मराठीत जाहीर करा, बियाण्याच्या पाकिटावरच तणनाशकाचं नाव, मात्रा आणि फवारणीची वेळ छापा, आणि ज्या बायांची निंदणीची मजुरी जाणार आहे त्यांच्या कामाचा विचार त्याच निर्णयात करा. नाकारायचं असेल तर कारण सांगा आणि तणाच्या प्रश्नाला दुसरं परवडणारं उत्तर द्या.

तोवर आपल्या हातात तीन प्रश्न आहेत: बियाण्याची पावती आहे का? ते वाण कोणत्या तणनाशकाला सहनशील आहे, हे पाकिटावर छापलंय का? आणि तणनाशकाच्या लेबलवर आपल्या पिकाचं नाव आहे का? साधं वाण असेल तर पहिला आणि तिसरा प्रश्न पुरे. पण तणनाशक सहन करणारं म्हणून कोणी बियाणं देत असेल, तर तिन्हींचं उत्तर ‘हो’ आल्याशिवाय पैसे पाठवू नका.